पावसाच्या गावी बदली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोललेली मंडळी विद्वान होती. मी कलाशाखेचा साधा पदवीधर, आणि आयुष्य गेले ते केंद्र सरकारच्या फायलींत. तेव्हा एखादा गहन विषय मांडण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु आपणां प्रवासी मराठी माणसांच्या घरात जो प्रश्न दर चारपाच वर्षांनी उभा राहतो, त्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला अनुभवाने मिळाला आहे असे मी समजतो. तो प्रश्न म्हणजे, बदली आली आहे, जावे की न जावे? आणि जायचे ते गाव जर ढगांचे व पावसाचे असेल, तर तो निर्णय कोणत्या विचाराने घ्यावा?

हा प्रश्न आज केवळ सरकारी नोकरांचा राहिलेला नाही. आपल्या मंडळातील कित्येक घरांतील मुले-मुली लंडनला किंवा अमेरिकेतील सिएटलला नोकरीसाठी गेली आहेत, काही जाण्याच्या विचारात आहेत. त्यांचे आईवडील मला विचारतात, "तिथे म्हणे सदा पाऊस असतो, पोरांना मानवेल का?" त्यांच्यासाठीही आजचे बोलणे उपयोगी पडावे. मात्र मी सांगणार आहे ते मुख्यत्वेकरून शिलाँगविषयी, कारण गेले काही महिने आमच्या घरात त्याच एका नावाची चर्चा चालली होती.

प्रथम आकड्यांचा विचार करू. पावसाच्या गावाचे नाव निघाले की माणूस आधी विचारतो, "पाऊस किती पडतो?" माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. लंडनची कीर्ती पावसाचे शहर म्हणून आहे. पण तेथे वर्षाकाठी पडणारा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपल्या या जयपूरइतकाच! सिएटलचा पाऊस नागपूरपेक्षा काकणभर कमीच भरेल. आणि शिलाँगची सरासरी मुंबईच्या सरासरीच्या जवळपास, सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आगेमागे आहे. मुंबईच्या पावसाला भिऊन कोणी मुंबईची नोकरी नाकारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मग भेद कोठे आहे? तो पावसाच्या मापात नसून त्याच्या वाटणीत आहे. जयपूरचा पाऊस मोजक्या सरींत कोसळून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडते. लंडनचा तेवढाच पाऊस वर्षाच्या बाराही महिन्यांत भुरभुरत राहतो. मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो. शिलाँगला मात्र मार्च-एप्रिलपासून वळवाच्या सरी सुरू होतात, मे महिन्यात त्यांना जोर येतो, जून-जुलैत कळस होतो आणि ऑक्टोबरातही आभाळ पुरते मोकळे झालेले नसते. म्हणून पावसाच्या गावाविषयी विचारावयाचा खरा प्रश्न असा, की सूर्य किती दिवस दिसत नाही?

सिएटलची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे उन्हाळा कोरडा व स्वच्छ असतो. पाऊस आणि अभ्रे येतात ती हिवाळ्यात, आणि नेमका त्याच वेळी दिवसही लहान होतो. डिसेंबरात सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारच्या आत मावळतो. अंधार आणि ढग एकत्र आल्याने काही माणसांचे मन खचते, झोप वाढते, कशात गोडी वाटत नाही. या ऋतुजन्य खिन्नतेचे वर्णन अमेरिकेतील वैद्यकीय संशोधकांनी १९८४ साली केले आणि सकाळी प्रखर प्रकाशात बसणे हा त्यावरील एक उपाय आज सर्वमान्य आहे. मुले तिकडे जात असतील, तर त्यांना लोकरीच्या कपड्यांबरोबर हीही माहिती द्यावी. हा मनाचा दुबळेपणा नसून शरीराचा धर्म आहे.

शिलाँगला निसर्गाने ही दोन संकटे निरनिराळ्या ऋतूंत वाटून दिली आहेत. पाऊस उन्हाळ्या-पावसाळ्यात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निळेभोर. नोव्हेंबरात तेथील रानचेरीची झाडे गुलाबी फुलांनी भरून जातात. थंडी चांगली पडते, पारा चारपाच अंशांपर्यंतही उतरतो. पण दिवसा ऊन असते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या देशाचे घड्याळ एकच असल्याने पूर्वेकडे सारेच लवकर घडते. जूनमध्ये तेथे पहाटे साडेचारलाच उजाडते आणि डिसेंबरात संध्याकाळी साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो. कचेरीतून घरी येणाऱ्याला हिवाळ्यात घराचा उजेड असा दिसतच नाही. म्हणून तेथे दिवस पहाटे सुरू करण्याची सवय ज्याने लावून घेतली तो सुखी.

भूगोलाच्या दृष्टीने पाहता आपणां मराठी माणसांना तेथील पाऊस समजण्यास कठीण नाही. सह्याद्रीचाच तो धडा. अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडतात, महाबळेश्वरला धो धो बरसतात आणि पाचगणी ओलांडून वाईला पोहोचेपर्यंत रिते होतात. तद्वतच बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्प बांगलादेशाच्या सपाटीवरून विनाअडथळा येते आणि खासी टेकड्यांच्या उभ्या कड्यावर आदळते. त्या कड्याच्या काठावर चेरापुंजी व मावसिनराम ही गावे आहेत. १८६० च्या ऑगस्टपासून १८६१ च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत चेरापुंजीला २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो विक्रम आजही अबाधित आहे. चेरापुंजीहून शिलाँग अवघे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. परंतु ते पठारावर आत, सुमारे पंधराशे मीटर उंचीवर वसले असल्याने तेथे पाऊस चेरापुंजीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. नवल असे की, त्याच चेरापुंजीला हिवाळ्यात बायाबापड्यांना पाण्यासाठी झऱ्यापर्यंत पायपीट करावी लागते, कारण खडकाळ उतारावर पाणी थांबत नाही. पाऊस फार म्हणजे पाणी फार, हे समीकरणसुद्धा तेथे खरे ठरत नाही.

मेघालय हे नाव १९३६ साली कलकत्त्याचे भूगोलतज्ज्ञ शिबप्रसाद चटर्जी यांनी या पठाराला दिले आणि २१ जानेवारी १९७२ रोजी ते एका पूर्ण राज्याचे नाव झाले. मेघांचा विषय निघाला की आपल्याला 'मेघदूत' आठवते. त्यातला यक्ष म्हणजे कुबेराच्या पदरचा नोकर. कामात कसूर झाली म्हणून त्याला वर्षभर घरापासून दूर रामगिरीवर, म्हणजे पुष्कळांच्या मते आपल्या नागपूरजवळील रामटेकला, धाडण्यात आले. बदलीचे हे उदाहरण पुरातन खरे. पण त्यात एक गोष्ट आजच्याहून वेगळी आहे. यक्ष एकटा गेला, घर मागेच राहिले. आपण जातो ते घरासकट जातो, आणि माझ्या आजच्या प्रतिपादनाचा मुद्दा नेमका येथेच आहे.

सज्जनहो, पाऊस कचेरीत जाणाऱ्यावर पडत नाही. तो घरात राहणाऱ्यावर पडतो. बदली होते ती माझी. मला तेथे गेल्याबरोबर खुर्ची मिळते, हाताखाली माणसे मिळतात, कामाची भाषा तीच, फायलींचा रंगही तोच. छत्री घेऊन निघालो आणि कचेरीत शिरलो की माझा पाऊस संपला. परंतु जी व्यक्ती सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत घरात असते तिच्यापुढे तो राखी रंगाचा दिवस तासातासाने उभा राहतो. तीन दिवस दांडीवर असलेले कपडे अजून दमट. मिठाला पाणी सुटलेले. कपाटातील चामड्याच्या चपलांवर बुरशी, पुस्तकांच्या बांधणीला वास. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घालावेत म्हटले तर तेथे एप्रिल-मे हे वाळवणाचे महिनेच नव्हेत. वाळवण करायचे तर हिवाळ्यात. पत्र्याच्या छपरावर पावसाचा आवाज असा की शेजारच्या खोलीतून मारलेली हाक ऐकू येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पावसाच्या गावी जाण्याचा निर्णय ज्याची बदली झाली त्याने घेऊ नये. जो दिवसभर घरी असणार त्याने घ्यावा. पगार माझा म्हणून मत माझे, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

आता आमच्या घरापुरते सांगतो. ईशान्येकडील नेमणुकांसाठी केंद्र सरकारच्या १९८३ च्या डिसेंबरातील आदेशान्वये मुदत ठरलेली आहे. दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्यास दोन वर्षे. त्याबरोबर विशेष भत्ता मिळतो आणि मुदत संपल्यावर शक्यतोवर पसंतीच्या ठिकाणी नेमणूक देण्याचा विचार होतो. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली आहेत. शिलाँगला दोन वर्षे काढली तर शेवटची वर्षे पुण्यात किंवा नाशकात मिळण्याची आशा आहे. तीस वर्षे परप्रांतात काढलेल्या माणसाला या आशेचे मोल किती, हे आपणांस सांगणे नलगे. दुसऱ्या पारड्यात होत्या माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री, त्यांचे दुखरे गुडघे. आणि सौभाग्यवतींचे येथील सारे जग, ज्यात आपल्या मंडळाचा मराठी बालवर्ग आला.

सौभाग्यवतींनी एकच अट घातली. "तुम्ही मला ऑक्टोबरात नेऊन निळे आकाश दाखवाल आणि मी हो म्हणेन. ते नको. मला जुलैत न्या." मी म्हणेन, पावसाच्या गावाची परीक्षा करण्याचा याहून उत्तम मार्ग नाही. स्थळ पाहायला जावे ते अवचित, तसे गाव पाहावे ते त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात. त्याप्रमाणे रजा घेऊन, स्वखर्चाने, आम्ही जुलैत बारा दिवस शिलाँगला राहिलो. त्यांपैकी आठ दिवस सूर्यदर्शन झाले नाही.

मी दिवसभर सरकारी निवासस्थाने, रुग्णालय, बाजारभाव यांची टिपणे करीत होतो. त्या मात्र रोज लायतुमख्राच्या रस्त्याला जाऊन नुसत्या उभ्या राहत, माणसे पाहत. पाचव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुमच्या लक्षात आले का? पाऊस थांबण्याची इथे कोणी वाटच पाहत नाही." आणि खरेच होते ते. शाळेची मुले छत्र्या घेऊन चालली होती. येवदुहच्या मोठ्या बाजारात भाजीवाल्या बायकांचा व्यवहार निर्वेध चालला होता. म्हातारी माणसे सावकाश पायऱ्या उतरत होती. आपण उन्हाच्या गावची माणसे पाऊस आला की आडोशाला उभे राहतो आणि थांबल्यावर निघतो. सात महिने जिथे पाऊस आहे तिथे ही सवय नेली तर माणूस सात महिने आडोशालाच उभा राहील. तेथे सुखाने राहणे याचा अर्थ पाऊस आवडणे असा नाही. पावसासाठी काम न अडवणे एवढाच आहे.

राहता राहिल्या मातोश्री. माझा विचार होता की पावसाळ्यापुरते त्यांना धाकट्या बंधूंकडे चिपळूणला ठेवावे. हे त्यांच्या कानावर घातले तेव्हा त्या हसल्या. चिपळूणचा पाऊस शिलाँगच्या दीडपट तरी भरेल! पावसाला भिऊन कोकणात जाणारी जगातील पहिली म्हातारी मी होणार काय, असा त्यांचा सवाल होता. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पाऊस मला ठाऊक आहे रे. बोलायला माणूस आहे का ते सांग." माझ्या बारा दिवसांच्या टिपणांत या प्रश्नाला जागा नव्हती.

तेव्हा माणसांविषयी सांगितले पाहिजे. खासी बायका शेतात काम करताना पाठीवर बांबूच्या कामट्यांचे व पानांचे जे आच्छादन घेतात त्याला तेथे 'क्नुप' म्हणतात. ते पाहून कोकणातला कोणीही माणूस चटकन म्हणेल, हे तर आपले इरले! घरी आलेल्याला प्रथम 'क्वाय', म्हणजे पान-सुपारी, पुढे करण्याची तेथील रीत आपल्याला परकी नाही. खासी ही भाषा ज्या कुळातली, त्याच कुळातली कोरकू भाषा आपल्या मेळघाटात बोलली जाते. खासी समाजात वंश आईच्या नावाने चालतो, वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते आणि आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारीही तीच घेते. घरातील वृद्ध स्त्रीचा मान तेथे शिकवावा लागत नाही. भाषा नसली तरी मातोश्रींना शेजार मिळेल असा भरवसा मला वाटतो. मराठी कुटुंबे थोडी. पण केंद्राच्या कचेऱ्या, हवाई दलाचे पूर्व विभागाचे मुख्यालय, १९७३ साली स्थापन झालेले विद्यापीठ यांमुळे देशभरची माणसे तेथे येत-जात असतात.

पण दुसरी बाजूही झाकून ठेवू नये. १९७९ पासून पुढील काही वर्षांत तेथे स्थानिक व बाहेरचे यांच्यात दंगे झाले आणि त्यांची आठवण अजून पुसलेली नाही. आदिवासींची जमीन बाहेरच्यास सहसा विकत घेता येत नाही. १९७१ चा तसा कायदाच आहे. मला तो रास्त वाटतो. तेथे जाणाऱ्याने पाहुण्यासारखे जावे, मालकासारखे नव्हे. राज्याची राजधानी असून शहराला रेल्वे नाही. गुवाहाटीहून सुमारे शंभर किलोमीटर घाटाची वाट. गावी कोणाचे कमीजास्त झाले तर त्याच दिवशी पोहोचता येईलच असे नाही. हा विचार प्रत्येकाने मनाशी करून ठेवावा, कारण ढगांपेक्षा तो जड आहे.

जे जाण्याचे ठरवतील त्यांच्यासाठी दोनचार व्यावहारिक गोष्टी. घर पाहताना खोल्या मोजण्याआधी खिडक्या मोजाव्यात. पूर्वेची खिडकी व काचेचा व्हरांडा असेल तर लहान घरही चालेल. १२ जून १८९७ च्या भूकंपात शिलाँगची दगडी घरे कोसळली; त्यानंतर लाकडी सांगाड्याची, बोरूच्या भिंतींना गिलावा केलेली, पत्र्याच्या छपराची हलकी घरे बांधण्याचा प्रघात पडला. अशी जुनी घरे अजून आहेत आणि भूकंपाच्या प्रदेशात ती शहाणपणाची आहेत. घर बाजारापासून पायी जाण्याजोगे असावे. दूरच्या टेकडीवरील सुंदर बंगला पावसाळ्यात तुरुंग होतो. कोकणात आगोटीची बेगमी करतात तशी मार्चअखेर करावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि ठेवून झोपू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि त्याने माणसे झोपेतच जातात. आणि घरातील प्रत्येकाने दिवसातून एकदा, पाऊस असो वा नसो, उंबरठा ओलांडलाच पाहिजे, असा नियम करावा.

तसेच कोणी जाऊ नये हेही सांगतो. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे त्यांनी वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून जाऊ नये, कारण ओल आणि बुरशी दम्याला वाईट. ज्या मुलाचे दहावी-बारावीचे वर्ष आहे त्याला मध्येच उपटू नये. ज्याच्या मनाला आधीच खिन्नतेची व्यथा आहे, त्याला "हवा बदलली की बरे वाटेल" असे सांगून ढगांत नेऊ नये. आणि ज्या घरात दिवसभर राहणाऱ्या माणसाने मनापासून होकार दिलेला नाही, त्या घराने भत्ता कितीही मिळो, नकार कळवावा. नकारात कमीपणा नाही. मुलांना लंडन-सिएटलला धाडताना त्यांच्या जोडीदाराचे मत हाच निकष लावावा.

आमच्या घरी होकार आला. गेल्या आठवड्यात मी तसे वरिष्ठांना कळवले. तो होकार आनंदाचाच होता असे मी म्हणणार नाही, विचाराचा होता. सौभाग्यवतींना जयपूरचे ऊन सोडण्याचे दुःख नाही. त्यांना दुःख आहे ते दर रविवारी सकाळी भरणाऱ्या बालवर्गाचे. परप्रांतात जन्मलेल्या त्या मुलांना 'ळ' चा उच्चार शिकवण्यात त्यांची अकरा वर्षे गेली. मातोश्रींनी जो प्रश्न विचारला, "बोलायला माणूस आहे का?", त्याचेच उत्तर देण्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी काही मंडळींनी या शहरात हे मंडळ काढले. त्यांच्यापुढे पाऊस नव्हता, वाळू होती. पण एकटेपणा तोच होता. परगावी हवामान बदलता येत नाही, शेजार मात्र निर्माण करता येतो, ही या मंडळाच्या पन्नास वर्षांची कमाई आहे.

म्हणून शेवटी एक विनंती. पुढील जूनपासून त्या बालवर्गाला शिक्षिका नाही. आपल्यापैकी कोणी भगिनीने अथवा बंधूने तो हाती घ्यावा. वह्या, तक्ते आणि गोष्टींची पुस्तके नीट गठ्ठे बांधून कार्यालयाच्या कपाटात ठेवली आहेत. इथली हवा कोरडी असल्याने त्यांना बुरशी लागण्याचे भय नाही. भय आहे ते धुळीचे. ती बसू देऊ नये.